विहीर कुणी खणली?

“इन लोगां का यहीच रोना है,” मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं आणि माझ्या शेजारची मैत्रीण खुदकन हसली. मी पेन्सिलीला टोक करत राहिले.

बी.ए.चा इंग्रजीचा तास होता. राज्य वेगळं होणार की नाही, या गोंधळात शहरातल्या कोठी भागातलं आमचं कॉलेज सारखं बंद पडायचं, म्हणून मॅडम घाईत होत्या. मराठवाड्यातल्या एका जुन्या भाषणाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी वाटलं होतं. ज्यांनी गावाची विहीर खणली त्यांनाच पाणी भरू देत नव्हते, त्याबद्दलचं. वक्ता ऐकणाऱ्यांचं मन कसं वळवतो, ते मजकुरावर खुणा करून दाखवायचं होतं.

“इथे भावनेला हात. इथे तेच शब्द पुन्हा. आणि हा प्रश्न नुसता परिणामासाठी,” फळ्यावर लिहीत मॅडम म्हणाल्या. “याला उत्तर अपेक्षित नाही.”

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही. मराठी मला धड वाचता येत नाही, पण हे भाषण कानानं पाठ होतं. अंबरपेठच्या आमच्या विहारात दर बुद्धपौर्णिमेला एक आजोबा ते म्हणतात. या प्रश्नाशी थांबतात आणि बायका एका आवाजात उत्तर देतात. “तोंड उघड की गं, कॉन्व्हेंटात ठेवून आलीस काय आवाज?” म्हणत शेजारची मावशी मला कोपरानं डिवचते. मी नुसते ओठ हलवते.

कॉलेजात मी ‘मराठी’ एवढंच सांगितलं होतं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. “पुरणपोळी कब खिलाती गे?” मैत्रीण दर सणाला विचारायची. मलकपेठला तिच्या आजीच्या देवघरापाशी बसून मी कितीदा जेवले होते. विहाराचं नाव काढल्यावर ते ताट तिथेच वाढलं जाईल का, ते मला माहीत नव्हतं.

खालून मोर्चा चालला होता. एकजण ओरडून विचारी, बाकीचे गर्जून उत्तर देत. मॅडमनी वैतागून खिडकी लावली आणि तो प्रश्न पुन्हा मोठ्यानं वाचला. विहीर कुणी खणली? मग त्या थांबल्या, अगदी आजोबा थांबतात तशा.

“आम्ही.” मराठीतच गेलं तोंडून. सगळा वर्ग वळला, मैत्रीणही. “उत्तर असतं, मॅम,” मी म्हणाले. “आमच्या विहारात आम्ही देतो.”