गेणभाऊंचं आरमार

निरगुडसरच्या गेणभाऊंनी पंधरा वर्षं नौदलाच्या जहाजावर इंजिन सांभाळलं आणि त्यापुढची पंचवीस गावाला समुद्र समजावून सांगण्यात घालवली. गाव त्यांना ॲडमिरल म्हणतं. पारावर बांधाची भांडणं निघाली की ते मध्येच सांगणार, समुद्र काही सातबाऱ्यावर चढत नाही. आपली जहाजं सुखरूप जाऊ-येऊ शकली की तो आपला. लोक माना डोलवत आणि पुन्हा भांडायला लागत.

यंदा तसलं भांडण त्यांच्याच दारात आलं. ऐन टोमॅटोच्या तोडणीत धाकटा चुलतभाऊ सयाजी याने आपल्या रानातली, गेणभाऊंचा माल बाहेर काढायची एकुलती गाडीवाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. कारण काय, तर गेणभाऊंच्या पिकअपने त्याच्या उसाची कडेची सरी तुडवली. वाट पहिल्यापासून तोंडी बोलीवर चाललेली. इकडे माल लाल होऊन लोंबत होता. चार दिवसांत नारायणगावच्या बाजारात गेला नाही, तर मातीत जाणार होता.

भावकीने वकील सुचवला. गेणभाऊ हसले. मालकी हवी कुणाला, जाता आलं म्हणजे झालं. आणि सयाजीची नदीवरची पाइपलाइन त्यांच्याच रानातून, तीही तोंडी बोलीवरच, गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खुर्ची आणि पान्हा घेऊन तिचं पाणी तोडायच्या कॉकपाशी जाऊन बसले. केलं काहीच नाही. पेपर वाचला.

कॉक फिरवा की एकदाचा, म्हणून त्यांच्या बायकोने, साळुबाईंनी, डोकं खाल्लं. गेणभाऊंनी समजावलं, आरमार नुसतं बंदरात उभं असलं तरी शत्रूची झोप उडते. एकदा तोफ डागली की धाक संपला. साळुबाई म्हणाल्या, तोवर टोमॅटो सडतोय, त्याचं काय?

बसल्याच्या तिसऱ्या दिवशी पाइप आपणहून फुटला. सयाजी काठी घेऊन धावत आला, तर गेणभाऊ गुडघाभर चिखलात उभे राहून फुटक्या जागी रबरी ट्यूब आवळत होते. बघतोस काय, आधी मोबाइलवरनं मोटर बंद कर, असं ते खेकसले. मग दोघांनी मिळून जोड बसवला.

हात धुताना सयाजीने हळूच विचारलं, "दादा, तीन दिस कॉकपाशी बसला व्हता. फिरवला का न्हाई?"

गेणभाऊंच्या ओठांवर आख्खं आरमार आलं होतं. पण खोटं बोलवेना. "आज फिरवणारच व्हतो. जेवून आलो की."

सयाजी म्हणाला, "मग मीबी सांगतो. दुसऱ्याच दिशी सकाळी काट्या काढाय आलतो. तुमी पान्हा घिऊन बसलेलं दिसला, अन् धाकाला भ्यालो असं दिसंल म्हून माघारी फिरलो."

गेणभाऊंना फार लाज वाटली. संध्याकाळी पिकअप निघाली तेव्हा सयाजी स्वतः उसाच्या कडेला उभा राहून चाक सरीत जाऊ नये म्हणून खुणा करत होता. पण निम्मा माल सडला होता. तो सयाजीने नव्हे, आपल्या खुर्चीने सडवला, हे गेणभाऊंनी त्याच दिवशी साळुबाईंना सांगितलं, आणि हल्ली पारावरही न विचारता सांगतात.