जुन्या भिंतीची शेड

"हिला बडोद्याला धाडली तर शेड कोन जुलवनार?"

पप्पा स्वयंपाकघरात आईशी बोलत होते. मी मागच्या दारी रोलर धूत होते. नळ नुकताच बंद केला होता म्हणून ऐकू आलं.

"दुकानात मशीन हाय ना," आई म्हणाली.

"मशीन नवी शेड देतं. जुनी भित त्याला दिसतं काय?"

"मंग लगीन होऊन जाईल तवा काय कराल तुमी?"

"जावय पनवेलचाच बगू."

दोघं हसली. मी नळ पुन्हा सोडला, रोलर धुऊन झाला होता तरी.

पप्पा रंगकामाचे ठेकेदार आहेत. आमचं घर पनवेलजवळच्या ओवे गावात. गावाची शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, आणि त्यातल्या कितीतरी इमारतींना पहिला रंग पप्पांच्या माणसांनी दिला. आता त्या इमारती जुन्या झाल्यात. कुठे पाइप गळतो, प्लंबर भिंत फोडतो, गवंडी बुजवतो, आणि मग हॉलच्या मधोमध सिमेंटचा एक राखाडी तुकडा उरतो. लोकांना तेवढाच तुकडा रंगवून हवा असतो. सामान हलवायचं नसतं. पण दहा वर्षं ऊन, धूप आणि फोडणीचा धूर खाल्लेल्या भिंतीचा रंग कुठल्याच शेडकार्डात नसतो. तो डोळ्यांनी काढावा लागतो. पांढऱ्या रंगात थेंब थेंब स्टेनर, म्हणजे बाटलीतला गडद रंग, टाकायचा, पुठ्ठ्यावर बोट फिरवायचं, हेअर ड्रायरने वाळवायचं आणि भिंतीला लावून बघायचं. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, कारण वाळला की तो बदलतो. हे मला पप्पांनीच शिकवलं, मी नववीत असताना. दोन-तीन वर्षांत त्यांनी स्वतः बघायचं सोडून दिलं. पुठ्ठा हातातही न घेता विचारायचे, "झाली काय बाय?" मी "झाली" म्हटलं की झाली.

याशिवाय लग्नं. आमच्याकडे लग्नघर रंगवतात आणि दारापाशी गणपती, कलश आणि नवरा-नवरीची नावं काढतात. गावातली ती भिंत गेली कित्येक वर्षं मीच काढते. मी चित्रकलेची पदवी घेतली तेव्हा चुलत्यांनी पेढा तोंडात टाकत विचारलं होतं, "आता यो गनपती अजून चांगला येल ना?" सगळे हसले, मीही हसले. मला त्यांचा राग आला नव्हता. राग यावा असं कोणी काही करतच नव्हतं, हीच माझी अडचण होती.

घरात सगळे गावच्या बोलीतच बोलतात. मी शाळेत इंग्रजीत बोलले आणि घरी बहुतेक गप्प राहिले. गोदामात डब्यांच्या मागे माझे कॅनव्हास उभे असतात. त्यांच्याबद्दल पप्पांना काही सांगायचं म्हटलं तर माझ्याकडे इंग्रजी वाक्यं होती. त्यांच्या भाषेत एकही नव्हतं. ते कधी कधी तिथे येऊन उभे राहायचे, एखाद्या कॅनव्हासकडे बघायचे आणि म्हणायचे, "कलर झ्याक बसलाय." मग थिनरचा डबा उचलून जायचे.

मागच्या जूनमध्ये मला बडोद्याला चित्रकलेच्या पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. शनिवारपर्यंत येते किंवा नाही ते कळवायचं होतं. मी पप्पांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "बगू." नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, किंवा भांडले नसते, पण निदान काय ते कळलं असतं. "बगू"नंतर सोमवारी कळंबोलीचं काम आलं, मंगळवारी खारघरचं. प्रत्येक ठिकाणी पप्पा माझी ओळख करून द्यायचे. "माजी पोरगी. डोळ्यानं शेड काढतं." लोक कौतुकाने बघायचे. मी मान खाली घालून पुठ्ठा कापायचे.

गुरुवारी रोडपालीला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, निवृत्त झालेले एक काका आणि त्यांची बायको. बदामी भिंत, त्यात ताटाएवढा तुकडा. काकूंनी शोकेस हलवायला साफ नकार दिला होता. त्यात काचेच्या बाहुल्या होत्या.

मी खिडकीजवळ बसून रंग काढायला घेतला. पांढरा, पिवळी माती, थोडा तांबडा. अर्ध्या तासात जवळ आले. आता काळ्याचा एक थेंब टाकला असता की जुनेपणा आला असता. माझ्या हातात बाटली होती. बुचही काढलं होतं.

मी ते परत लावलं.

एकदा चुकले तर पुढच्या वेळी पप्पा दुकानातल्या मशीनवर जातील, इतकाच माझा हिशेब होता. तो किती पोरकट आहे हे तेव्हाही कळत होतं. मी पुठ्ठा वाळवला, भिंतीला लावला. खिडकीच्या उजेडात फरक जवळजवळ दिसत नव्हता. मग मी ट्यूब लावून पाहिलं, कारण दोन्ही उजेडांत बघायचं हाही पप्पांचाच नियम. ट्यूबखाली पुठ्ठा उजळ दिसत होता, स्पष्ट. मी ट्यूब बंद केली.

"झाली काय बाय?"

"झाली."

पप्पांनी स्वतः रंगाचे दोन हात मारले. कडा इतक्या सफाईने पुसत नेल्या की रंग बरोबर असता तर तुकडा कुठे होता हे कोणाला सापडलं नसतं. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, "वा, कळतच नाही." पप्पांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी काळ्याची बाटली पिशवीत टाकली.

दिवेलागणीला रोडपालीहून फोन आला. पप्पा फोन ठेवून म्हणाले, "चल, काय तरी बोलतात."

हॉलमध्ये शिरताच दिसलं. ट्यूबच्या उजेडात भिंतीवर तो गोल चक्क उठून दिसत होता.

"या ठेकेदार," काका म्हणाले. "दुपारी मीच फसलो. हे काय? भिंतीला ठिगळ लावून गेलात."

"काका, शेड बरोबर हाय. वाळली नसंल अजून."

"पाच तास झाले. फॅन लावून ठेवलाय."

"माजी पोरगी चुकत नाय, काका. वर्सानुवर्सं काढतं ती."

"अहो, मुलगी कलाकार असेल तुमची, पण भिंत आमची आहे ना!"

काकू शोकेसजवळून म्हणाल्या, "जाऊ द्या हो, तिच्यासमोर कशाला?" ते मला जास्त लागलं.

पप्पा भिंतीजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. हात त्या गोलावरून फिरवला. त्यांना दिसलं होतं. मला वाटलं, आता ते माझ्याकडे वळतील आणि विचारतील. मला ते हवंच होतं. दुपारपासून मी त्याचीच वाट बघत होते.

ते काकांकडे वळले. "माजीच चूक हाय," ते म्हणाले. "पुट्टी ओली होती, मी घाई केली. ओल्या पुट्टीवर मारला का कलर असाच उठतो. पोरीनं शेड बरोबर दिलती. उद्या सकाली येतो, पूर्न भित मारून देतो. शोकेस आमची मानसं हलवतील, एक बावली फुटनार नाय. पैशे नको."

पुट्टी ओली नव्हती. बुधवारी येऊन त्यांनीच ती हाताने तपासली होती, आणि आपण घाई केली असं त्यांनी कोणासमोर कबूल केल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. काका मान हलवत म्हणाले, "तुमच्यासारख्या जुन्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती." पप्पा हसले आणि "व्हतं काका" म्हणाले.

ते ब्रशची पिशवी उचलायला वाकले. मला वाटलं होतं, बोलायची वेळ आली तर शब्द इंग्रजीत येतील आणि मी अडखळेन. तसं झालं नाही.

"पुट्टी वाळली होती, पप्पा," मी म्हटलं. "शेड मी मुद्दाम चुकीची काढली. काळा घातलाच नाही. मला बडोद्याला जायचंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी शनिवारी 'येते' म्हणून कळवणार आहे."