वरून की आतून

बाबांची जयपूरला बदली झाली त्या हिवाळ्यात आईच्या पोटात कळा येऊ लागल्या, थेट पाठीपर्यंत जाणाऱ्या. डॉक्टर आमच्यासारखेच मराठी होते.

"वहिनी, स्वादुपिंडाला सूज आहे," ते म्हणाले. "सोनोग्राफी वरूनच होते, त्रास नाही, पण पोटात गॅस असला की नीट दिसत नाही. दुसऱ्या तपासणीत तोंडातून दुर्बीण घालून आत औषध सोडतात आणि एक्स-रे काढतात. ते स्पष्ट दिसतं, पण कधीकधी त्यानंच सूज वाढते."

"मग आधी वरूनच बघा," आई म्हणाली.

अंधाऱ्या खोलीत मी तिचा हात धरून उभी होते. पडद्यावर राखाडी धुकं तरंगत होतं आणि त्यात सावल्या संथ सरकत होत्या. आईच्या पोटात पहाट होतेय, असं मला वाटत राहिलं. डॉक्टरांचा आवाज लांबून आल्यासारखा आला, "पित्ताशयात खडे आहेत, सूज त्यांच्यामुळेच आली. पित्तनलिका मोकळी दिसते. दुर्बिणीची गरज नाही."

सूज उतरल्यावर पित्ताशय काढलं आणि कळा थांबल्या. घरी येताना तिलक नगरच्या कोवळ्या उन्हात आई रिक्षातच माझ्या खांद्यावर झोपली. तिला उठवू नये म्हणून बाबांनी रिक्षा आणखी एक चक्कर फिरवायला सांगितली.