पहिल्या रिळाचा वन्समोअर

दूधविनायक या उत्तरेकडच्या मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळींना एक जुनी खोड होती, आणि ती आणीबाणीतही गेली नाही. गाणं आवडलं की वन्समोअर द्यायचा. ते गणेशोत्सवाच्या नाटकातलं असो की कीर्तनातलं, एकदा ऐकून उठणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. त्या काळात इतर बऱ्याच गोष्टी आम्ही मुकाट्यानं सोडून दिल्या होत्या. वन्समोअर मात्र सोडला नाही.

माझे धाकटे काका एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि फावल्या वेळात फिल्म सोसायटी चालवायचे. सोसायटी म्हणजे काका, त्यांचा एक मित्र आणि चहापुरते जमणारे बाकीचे. हा मित्र रेल्वेच्या कचेरीत कारकून होता, युनियनचं काम करायचा आणि संध्याकाळी मंडळाच्या भजनात तबला वाजवायचा. आषाढात एके सकाळी तो दाढी करत असताना पोलिसांनी त्याला उचलून नेलं. अर्ध्या गालावर साबण तसाच होता, असं त्याची बायको सांगायची, पण तिचं ऐकायला थांबतो कोण?

गल्लीनं यावर शहाणा तोडगा काढला. तबलजी बाहेरगावी गेलाय, असं म्हणायचं ठरलं. कुणी ठरवलं ते ठाऊक नाही, पण आठवड्याभरात लहान पोरंसुद्धा तेच म्हणू लागली. भजन चालूच राहिलं, फक्त झांजा जरा जोरात वाजू लागल्या. मंडळाचे अध्यक्ष होते शास्त्रीबुवा, सत्तरी ओलांडलेले, नाट्यसंगीताचे वेडे. ते म्हणाले, तबला नसला की शब्द कसे स्वच्छ ऐकू येतात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमची गल्ली इतकी चिंचोळी की घरात ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, उंबऱ्यापर्यंत. म्हणून बायका वाळवणं मंडळाच्या गच्चीवर घालायच्या आणि घरांच्या पाळ्या लागलेल्या असायच्या. तबलजीच्या बायकोची पाळी कुणी काढून घेतली नाही. तसं करणं बरं दिसलं नसतं. फक्त तिची पाळी आली की गच्चीची किल्ली सापडायची नाही. दोनदा किल्ली हरवल्यावर तिनं विचारणं सोडलं आणि तिचे पापड स्वयंपाकघरातल्या फडक्यावर बुरसटले.

काकांना याची भयंकर चीड होती. घरी जेवताना ते ताटावर बोलत, पण दाराबाहेर बोलायची सोय नव्हती. अशात दिल्लीत एका वकिलातीत त्यांनी एक परदेशी सिनेमा पाहिला आणि तो मिळवायचाच असं घेऊन बसले. सिनेमा संगीतमय होता आणि काळाकुट्ट होता. नदीकाठच्या एका गावातल्या हॉटेलात रोज संध्याकाळी बँड वाजतो, एक बाई गाते, लोक नाचतात. गावावर हळूहळू गुंडांचं राज्य येतं. दर काही दिवसांनी बँडमधला एकेक जण पकडून नेतात, त्याची खुर्ची रिकामी राहते, आणि नाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. शेवटी उरते ती बाई आणि मागे रिकाम्या खुर्च्या. तरी लोक नाचतच असतात. तेच गाणं, तीच चाल. काका म्हणाले, ही शेवटची खुर्ची बघितल्यावर एकाला तरी लाज वाटेल आणि तो वहिनींच्या, म्हणजे तबलजीच्या बायकोच्या, दारात जाऊन उभा राहील. एवढ्यासाठी त्यांनी नोकरी पणाला लावली होती.

परवानगीसाठी माहिती खात्याचे एक अधिकारी आधी सिनेमा पाहून गेले. त्यांनी पूर्ण पाहिला, दोनदा पेंगले आणि म्हणाले, "इसमें राजनीति कहाँ है? यह तो बैंड-बाजे की फ़िल्म है।" त्यांचा आक्षेप एकाच गोष्टीवर होता, चुंबनावर. वकिलातीची प्रत कापता येत नव्हती. मग असं ठरलं की चुंबन आलं की मशीनवाल्यानं भिंगापुढे तळवा धरायचा. खेळाला आपण स्वतः हजर राहू, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

मशीनवाला नदीपलीकडच्या रामनगरचा. गावोगाव कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवणं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे स्त्री-पुरुषांनी जवळ येण्याचे परिणाम त्याला तोंडपाठ होते. माघातल्या एका रविवारी दुपारी तो पिंपांवर तरंगणाऱ्या पीपापुलावरून मशीन घेऊन आला. आम्ही मंडळाच्या खिडक्यांना रजया लावून अंधार केला. अधिकारी पहिल्या रांगेत, शेजारी शास्त्रीबुवा, डावीकडे बायका. मी चहाचे कप देऊन येईपर्यंत सगळ्या जागा भरल्या होत्या. एकच शिल्लक होती, तबलजीच्या बायकोशेजारची. ती का शिल्लक होती हे सांगायला नको. मला तिथंच बसावं लागलं.

काका पडद्याजवळ उभे राहून मराठीत समजावून सांगत होते. पहिलं रीळ झकास गेलं. पूर्ण बँड, झगमगती बाई, फक्कड गाणं. शास्त्रीबुवांनी मांडीवर ठेका धरला. कपडे कमी आहेत पण सूर पक्का आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला आणि बायका कपड्यांकडे निश्चिंतपणे बघू लागल्या.

दुसऱ्या रिळात धरपकड सुरू झाली. आता मशीनवाला पडला सावध माणूस. चुंबन नेमकं कधी येणार हे त्याला आठवत नव्हतं, म्हणून पडद्यावर दोन माणसं जवळ आली की तो तळवा धरायचा. गुंड फिडलवाल्याच्या जवळ आले, तळवा. बाजेवाल्याच्या खांद्यावर हात पडला, तळवा. तळवा निघाला की रिकामी खुर्ची. आणि खरं चुंबन आलं तेव्हा तो बिडी पेटवत होता, त्यामुळे ते सगळ्यांना नीट बघायला मिळालं. माझ्या मागची मामी कुजबुजली की फिडलवाला कुणाचा तरी हात धरून पळाला वाटतं.

"गेला कुठं तो?" शास्त्रीबुवांनी काकांना विचारलं.

काकांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "बाहेरगावी."

माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाशी नेला. मला काकांचा राग आला आणि कीवही आली. घरी ताटावर गर्जणारा माणूस तो हाच.

तेवढ्यात गाणं पुन्हा आलं आणि संपलं. निम्मा बँड रिकामा, पण बाई काय गायली. शास्त्रीबुवांना राहवेना. त्यांनी काठी आपटून वन्समोअर दिला आणि त्यामागे अख्खं मंडळ वन्समोअर म्हणून ओरडू लागलं. मशीनवाल्याला कुटुंबनियोजनाच्या सिनेमाला असा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. तो गोंधळला, पण खूश झाला. चालू रीळ उलटं गुंडाळत बसण्यापेक्षा पहिलं रीळ गुंडाळून तयार होतं, तेच त्यानं चढवलं. काका धावत गेले तर म्हणाला, "गाना तो वही है न, मास्टर साहब।"

पडद्यावर उजेड पडला आणि सगळे परत आले. फिडलवाला आला, बाजेवाला आला, कोपऱ्यातला ढोलवालाही आला. कुणाला काही झालेलं नव्हतं, सगळे जागच्या जागी बसून वाजवत होते. मंडळात टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटले बिचारे, असं मामी म्हणाली. अधिकारीही मागे वळून म्हणाले की शेवट फार छान केलाय.

काका तिसरं रीळ हातात घेऊन मशीनपाशी उभे होते. त्यांना ते लावायचंच होतं. ती शेवटची खुर्ची त्याच रिळात होती, तिच्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

माझ्या शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या. मशीनचा झोत त्यांच्या डोक्यावरून जात होता आणि अंबाड्याची सावली पडद्याच्या खालच्या कडेवर पडली. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू आला सगळ्यांना.

"भावजी, इथंच रोका आता. पुढचं नका लावू."

मशीनवाल्यानं मशीन थांबवलं. कुणीतरी एका खिडकीची रजई ओढली आणि उजेड आत आला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आषाढापासून त्या आमच्यासमोरून जात-येत होत्या, पण इतक्या माणसांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं ते त्या दिवशीच. त्या खाली बसल्या नाहीत. काकांनी तिसरं रीळ परत डब्यात ठेवलं.

शास्त्रीबुवा काठीवर रेलून उठले. शेजारी अधिकारी बसले आहेत हे ते विसरले असतील, किंवा नसतीलही.

"सूनबाई," ते म्हणाले, "पत्र येतं का त्याचं?"

"येतं. तबल्याला ऊन दाखवत जा, एवढं वाचता येतं. बाकी सगळं काळं केलेलं असतं."

अधिकारी आपल्या टोपीची घडी नीट करू लागले. शास्त्रीबुवांनी कनवटीला हात घातला, आणि इतके महिने कुणालाच न सापडलेली गच्चीची किल्ली काढून बाईंपुढे धरली.

"उद्या वर आणून ठेव तबला," ते म्हणाले. "सकाळी तिथं ऊन चांगलं येतं."