स्कॉर्पिओतले उस्ताद

परंड्यात कुणालाही एसटी स्टँडवर जायचं असलं तर तो बाजारचौकातनं जातो. सरळ रस्ता हाय. उमाशंकर उस्ताद मात्र किल्ल्याच्या खंदकाकडनं वळसा घालून जायचे. ऊन असू दे, हातात पिशवी असू दे, गुडघा ठणकत असू दे. बायको मथुराबाई संगं असली तर ती चौकातनं जायची आन स्टँडवर त्यांची वाट बघत बसायची.

ग्यानबाला हे बघवायचं न्हाय. त्याला वाटायचं, आत्ता जाऊन कुणाचं तरी डोकं फोडावं. कुणाचं ते बी त्याला पक्कं ठाऊक व्हतं.

ग्यानबाचं खरं नाव ज्ञानोबा, आज्याचं ठेवलेलं. नववीत गणिताच्या सरांशी भांडला, दप्तर घरी टाकलं आन उस्तादच्या दुकानात आला. चौकात उस्तादचं टेप फिटिंगचं दुकान व्हतं. जीप, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, पार भूम आन कुर्डुवाडीकडनं गाड्या यायच्या. शाळेत ग्यानबाचं बूड बाकावर टिकत नसायचं, पण गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला की अर्धा दिवस कुठं गेला कळायचं न्हाय. उस्तादनं त्याला कधी शिवी दिली न्हाय. चुकलं की एवढंच म्हणायचे, काढ आन पुन्हा बसव.

मंग ते झालं. हिंमतरावांचा पोरगा रणधीर. मोठं बागायत, दारात ट्रॅक्टर, गळ्यात सोन्याची चेन. त्याच्या स्कॉर्पिओत उस्तादनं अ‍ॅम्प्लिफायर बसवून दिला आन त्याच आठवड्यात तो गाडीतनं गायब झाला. रणधीर बाजाराच्या दिवशी भर चौकात आला, उस्तादला टेपचोर म्हणला आन थोबाडीत ठेवून दिली. चष्मा नालीत पडला. ग्यानबा पान्हा घेऊन उठला तर उस्तादनंच त्याचं मनगट धरलं. असं धरलं की बोटांचे वळ उठले. रणधीर गेला तरी त्यांनी सोडलं न्हवतं.

त्याच साली उसाच्या हंगामात अ‍ॅम्प्लिफायर सापडला. ढोकीच्या कारखान्यावर ऊस घेऊन गेलेल्या रणधीरच्याच ट्रॅक्टरवर वाजत व्हता. चुलतभावानं काढून नेला व्हता, विचारायचं राहून गेलं म्हणे. साऱ्या परंड्याला कळलं. रणधीरला बी कळलं. उस्तादच्या दारात येऊन एक शब्द कुणी बोललं न्हाय. लोक उलट हसून सांगायचे, अरे तो टेपचोर चोर न्हवताच की. म्हणजे नाव तेच राहिलं. उस्तादनं शटर ओढलं आन घरी बसून मिक्सर, पंखे दुरुस्त करायला लागले.

ग्यानबानं बार्शी रोडला सोताचं दुकान टाकलं. काम चांगलं चाललं. पण रोज सकाळी शटर वर करताना मनगट आठवायचं.

आवंदा दिवाळीनंतर त्याच्या दुकानापुढं तीच स्कॉर्पिओ येऊन उभी राहिली. रंग उडालेला, पुढच्या बंपरला पोचा, पण नंबर तोच. रणधीर उतरला. पोट सुटलं व्हतं, बाकी तसाच. त्यानं ग्यानबाला ओळखलं न्हाय. ओळखणार कसा, कामाला असणाऱ्याच्या तोंडाकडं त्यानं कधी बघितलंच न्हवतं.

रणधीरचं नवीन लग्न झालेलं, शिवांजली नावाची लातूरकडची पोरगी. पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यानं जावयाला मोठा टचस्क्रीनचा सेट दिलेला. रणधीरनं खोका बोनेटवर ठेवला आन सांगितलं की हा बसव, मागं कॅमेरा लाव, आन जुना टेप तुला राहू दे. मंग फोन काढून बापाचा फेटा बांधलेला फोटो पाठवला. सेट चालू व्हताना पडद्यावर कंपनीचं नाव येतं, त्याजागी आपला फोटो टाकता येतो. कुणी देवाचा टाकतं, कुणी पोराचा, कुणी नेत्याचा. रणधीरला बापाचा पाहिजे व्हता.

"व्हय दादा, टाकतो की," ग्यानबा म्हणला. आन तवाच त्याच्या डोक्यात ते आलं.

काम त्यानं मन लावून केलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. प्लास्टिकच्या पट्टीनं डॅशबोर्डची पट्टी उचकली, जुना टेप ओढून काढला. मागं उस्तादच्या हातचे सांधे तसेच व्हते, वायर पिळून वरनं काळी टेप, एक सुटला न्हवता. ते बघून त्याचं डोकं आणखी तापलं. पिवळी वायर कायमच्या करंटला, लाल चावीला, काळी बॉडीला. कॅमेऱ्याची वायर दारांच्या रबराखालनं मागं नेऊन रिव्हर्सच्या लाइटला जोडली. वायर उलटीपालटी करून गाडी बिघडवणं त्याला सोपं व्हतं. पण मंग लोक म्हणले असते, उस्तादचा चेला असलंच काम करणार. ते त्याला नको व्हतं.

सगळं बसल्यावर त्यानं सोताच्या मोबाईलमधनं एक फोटो काढला. उस्ताद दुकानात बसलेले, चष्मा कपाळावर, कानाला पेन्सिल, नजर सरळ बघणाऱ्यावर. तो फेट्याच्या फोटोजागी पडदाभर टाकला. आतल्या सेटिंगला कंपनीचा कोड असतो, तो सगळ्या फिटरांना ठाऊक असतो. तो कोड बी त्यानं बदलला, म्हणजे फोटो दुसऱ्या कुणाला काढता येऊ नये.

संध्याकाळी रणधीर आला तवा सेट चालूच ठेवलेला. असला सेट थोडा वेळ बंद केला तर नुसता डुलकी घेतो, लगेच उठतो. रातभर गाडी उभी राहिली तरच सकाळी पहिल्यापासनं चालू व्हतो, आन तवाच फोटो दिसतो. रणधीरनं गाणं लावून बघितलं, गाडी मागं घेऊन कॅमेरा बघितला, लई खूश झाला.

ग्यानबाला वाटलं व्हतं दुसऱ्या दिवशी सकाळीच बोंब व्हईल. झाली न्हाय. चार दिवसांनी रणधीर आला तो थेट दुकानात शिरला आन त्याची कॉलर धरली. कुणाचं थोबाड घातलंस माझ्या गाडीत, तोडून टाकीन दुकान.

"तोडा की," ग्यानबा म्हणला. "फोटो दुकानात न्हाय, गाडीत हाय. कोड पाहिजे असंल तर जिथं हात उचलला व्हता तिथं जाऊन माफी मागा. मी उस्तादच्याच दुकानातला हाय. तुमी बघितलं न्हवतं मला."

रणधीरनं त्याला दोन शिव्या दिल्या, दुकानाच्या दाराची काच फोडली आन गेला. ग्यानबा काचा गोळा करत बसला. तोंडावर हसू मावत न्हवतं.

रणधीर धाराशिवला गेला. तिथं बुद्धघोषचं दुकान मोठं. बुद्धघोषनं गाडी आत घेतली, रीसेटचं बटण दाबून सेट पहिल्यापासनं चालू केला आन पडद्याकडं बघत राहिला. तो बी दोन हंगाम उस्तादकडंच शिकलेला. त्यानं चावी परत हातात दिली. साहेब, हे काम माझ्याच्यानं हुणार न्हाय, म्हणला. चहा पाजला मात्र. आन रणधीरची पाठ फिरताच ग्यानबाला फोन लावून एवढा हसला की ग्यानबाला फोन कानापासनं लांब धरावा लागला.

त्यानंच मंग खरी गंमत सांगितली. चहा पिताना रणधीरनं सगळं बोलून दाखवलं व्हतं. पहिल्या दिवशी सकाळी तो सासऱ्याला शेजारी बसवून त्यांच्या गावाला सोडायला निघाला व्हता. चावी फिरवली, उस्ताद आले. सासरा माळकरी माणूस, त्यानं विचारलं हे कोण महाराज. रणधीरला काय सुचंना, तो बोलून गेला, आमचे गुरू हायत. सासऱ्यानं पडद्याला हात जोडले. जावई असा निघाला म्हणून त्याला कोण आनंद झाला. घरी जाऊन साऱ्यांना सांगितलं. आता तो येत्या बाजाराच्या दिवशी बायको, पोरगी, जावई घेऊन परंड्याला गुरूंच्या दर्शनाला येणार व्हता. सेट काढून टाकावा तर दिवाळसणाचा, आन फोटो काढावा तर सासरा विचारणार, गुरू कुठं गेले.

ग्यानबा हे ऐकून दुकानातल्या दुकानात नाचला. मंग उस्तादच्या घरी गेला आन सगळं सांगितलं.

 उस्तादच्या हातात पंख्याचं कंडेन्सर व्हतं, ते त्यांनी खाली ठेवलं. गिऱ्हाइकाची गाडी असती ती, असं काही करायचं नसतं, म्हणले. ग्यानबानं मान खाली घातली. मंग उस्तादनं विचारलं, फोटो कंचा टाकलास. पेन्सिलवाला, ग्यानबा म्हणला. उस्तादनं मान हलवली. मथुराबाई स्वयंपाकघरातनं म्हणाल्या, त्यात तुमी बरे दिसता.

दुसऱ्या दिवशी रणधीर शाल-नारळ घेऊन उस्तादच्या घरी आला. ग्यानबा कोपऱ्यात बसला व्हता. रणधीरनं त्याच्याकडं बघितलं न्हाय. उस्ताद उस्ताद करत गोड बोलला. एक दिवस गुरू व्हा, सासऱ्याच्या डोक्यावर हात ठेवा, झालं. मागचं विसरून जाऊ. माफीचा शब्द त्याच्या तोंडातनं काय निघंना.

"बरं," उस्ताद म्हणले. "फक्त इथं घरी नको. चौकात माझ्या दुकानापुढं आणा त्यांना."

रणधीर हायसं वाटून गेला. ग्यानबा मात्र जळून कोळसा झाला. तो म्हणला, उस्ताद, तुमी त्याला सोडलं. मारणाऱ्याचा गुरू व्हायला निघाला तुमी. उस्तादनं शाल उलगडून बघितली, घडी घातली आन पंख्याकडं वळले. ग्यानबा चहा न पिता निघून गेला.

बाजाराच्या दिवशी तरी तो आलाच. उस्तादला एकट्याला सोडणं त्याला जमलं नसतं. उस्ताद खंदकाकडनंच आले आन दुकानाच्या पायरीवर बसले. गंजलेलं शटर पाठीमागं. भाजीवाल्या, मिरचीवाले, चप्पल शिवणारा, सगळे बघायला लागले, कारण इतक्या वर्षांत त्यांना तिथं कुणी बघितलं न्हवतं.

स्कॉर्पिओ आली. सासरा उतरला, सासू उतरली, शिवांजली उतरली. सासरा वाकला तसं उस्तादनं त्याचं मनगट धरलं. ग्यानबाला ती पकड दिसली आन त्याच्या अंगावर काटा आला.

"थांबा पावणं," उस्ताद म्हणले. "आधी जावयाला सांगू द्या, मी त्यांचा गुरू कसा झालो. याच जागी झालो. मालक, तुमी सांगता का मी सांगू?"

रणधीरचा चेहरा उतरला. त्यानं आजूबाजूला बघितलं. सगळा बाजार बघत व्हता, आन त्यातल्या निम्म्यांनी ती थोबाडीत सोता बघितली व्हती. तो खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"आवाज वाढवा मालक," उस्ताद म्हणले. "मागच्या स्पीकरला येत न्हाय."

मिरचीवाला फिसकन हसला. मंग कुणीच हसलं न्हाय.

"मी यांना चोर म्हणलो," रणधीर म्हणला. "इथंच मारलं. यांनी चोरी केली न्हवती. माझ्याच घरच्यानं केली व्हती. मला ठाऊक झालं तरी मी आलो न्हाय. माफ करा उस्ताद."

सासऱ्यानं जावयाकडं बघितलं. शिवांजली त्याच्यापासनं बाजूला सरकून आईजवळ उभी राहिली. उस्तादनं मनगट सोडल्यावर सासऱ्यानं पुन्हा वाकून त्यांच्या पायाला हात लावलाच.

ग्यानबाला वाटत व्हतं, अजून पाहिजे. थोबाडीचं काय? चष्म्याचं काय? खंदकाकडच्या त्या सगळ्या वळशांचं काय? त्याची मूठ आवळलेली व्हती. उस्तादनं त्याच्याकडं बघितलं आन गाडीकडं बोट केलं. फोटो काढ, म्हणले, आन त्यांनी दिलेला टाक.

ग्यानबा पुढच्या सीटवर बसला. कोड टाकला. उस्ताद खिडकीतनं बघत व्हते. ग्यानबानं रीसेट करून सेट एकदा शेवटचा चालू केला तवा त्यांनी सोताचा फोटो बघितला, मंग हिंमतरावांचा फेटा आला. उस्तादनं आत हात घालून पडद्याभोवतीची फ्रेम अंगठ्यानं दाबली. उजवीकडं जरा किर्र वाजली.

"खालची क्लिप बसली न्हाय," ते म्हणले. "काढ आन पुन्हा बसव."

ग्यानबानं प्लास्टिकची पट्टी काढली. भर बाजारात, रणधीर आन त्याची सासुरवाडी उन्हात उभी असताना, त्यानं सगळी फ्रेम उचकून काढली. अजिबात घाई केली न्हाय. क्लिप बसवायला लागतो त्याच्यापेक्षा लई वेळ लावला.

मान वर केली तवा उस्ताद पायरीवर न्हवते. ते चौकातनं स्टँडच्या बाजूला चालले व्हते, एका भाजीवालीजवळ थांबून मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत. भाजीवाली म्हणत व्हती, उस्ताद, घ्या की, ताजी हाय.