कॅसेटच्या शेवटी

माझा मित्र समीर घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. त्याच्या मोजक्याच कॅसेट निघाल्या, त्यातली एक मला मिळाली. नुसती घरघर, मध्येच विहिरीतून आल्यासारखे सूर. ते संपले आणि एक बाई बोलू लागली, "बाळा, इकडे सगळं बरं आहे. थांब हं, दूध उतू चाललंय. आलेच." पुढे फक्त खरखर.

मी समीरला फोन केला. "ही कोण रे?"

"काय माहीत! जुन्या बाजारातल्या वापरलेल्या कॅसेटवरच मी रेकॉर्ड करतो. माझं संपलं की खालचं जुनं ऐकू येतं."

तिने परगावच्या मुलाला पत्रासारखी पाठवली असेल. त्याने इथवर ऐकलं असेल का? माणसं अशीच बोलता बोलता उठून जातात.

कॅसेट संपते, बटण खट्कन वर येतं. मी तरी बसून राहतो. आलेच म्हणालीय ती.