फ्रिजमधला गाळ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताई कोकणातल्या खाडीकाठच्या दलदलीचा गाळ तपासतात. त्यातली बारीक जीवांची कवचं ओल्या ब्रशने उचलून, पूर्वी समुद्र कुठवर चढला होता ते शोधतात. जिन्यात भेटल्या की आधी माझ्या चपलांचा चिखल बघतात, मग मला.

मे महिन्यात त्यांच्या प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला. गाळाच्या नळ्या छातीशी धरून त्या थेट आमच्याकडे आल्या. "आता त्या दलदलीवर भराव टाकला, वहिनी. हा गाळ वाळला तर दुसरा भेटत नाही."

मी आमरस बाहेर काढला आणि नळ्या आत ठेवल्या.

ताई घामाने निथळत होत्या. थंड पाण्यासाठी मी पुन्हा फ्रिजकडे वळले, तर त्यांनी माझा हातच धरला.

"फ्रिज काहून उघडून राहिल्या? मले माठातलं द्या."